ताईचा बेडूक आणि भाऊजींचा पाय

भाऊजी बोलायला लागले की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. यात तिखटमीठ मी अजिबात लावलेलं नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा हा नवरा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. ट्रकचे हॉर्न, हमालांची आरडाओरड, गिऱ्हाइकांची भांडणं, आणि या सगळ्याच्या वर ह्यांचा एकट्याचा आवाज. घरी आले तरी तोच सूर. मीठ मागायचं तर तेही लिलाव पुकारल्यासारखं. मी त्याच घरात, पुढच्या खोलीत शिलाईमशीन घेऊन बसते, त्यामुळे माझ्या कानांनी सगळं सोसलंय.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि गळ्याखाली श्वासासाठी एक भोक ठेवलं, त्यात नळी. माणूस वाचला, आवाज गेला. भोकात धूळ जाऊ नये म्हणून मी मलमलीचे छोटे रुमाल शिवून दिले. तेवढे मात्र मुकाट्यानं बांधायचे. बाकी सगळा हट्ट. पाटी दिली, ती कोपऱ्यात भिरकावली. खाटेला घंटी बांधली, ती तोडली. घंटी गुरांच्या गळ्यात बांधतात, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

एकदा नळीत कफ अडकला. ताई स्वयंपाकघरात होती, मी मशीनवर. दोघी हाकेच्या अंतरावर, पण हाक कुठून येणार? हाताशी पाण्याचा पेला होता, तो खाली ढकलला असता तरी आम्ही धावलो असतो. तेही नाही. ताई सहज म्हणून आत गेली तर भाऊजींचे ओठ निळे पडलेले. तिनं नळी साफ केली, श्वास परत आला आणि मग माझं तोंड सुटलं.

"जीव गेला तरी बेहत्तर, पण बायकोला बोलवायचं नाही, असंच ना भाऊजी?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ज्या माणसानं अख्खा बाजार आवाजावर नाचवला, त्याला आता कुणाचं लक्ष वेधून घ्यायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटत होतं. ते कळत होतं हो मला. पण पुन्हा कफ अडकला आणि आम्ही वेळेवर पोचलो नाही तर? ताईनं तेव्हापासून घराबाहेर पडणंच सोडलं.

ताई एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागासाठी प्राण्यांची चित्रं काढते. तेव्हा तिच्या टेबलावर डोंगरातल्या ओढ्याचा बेडूक होता, बरणीत, स्पिरिटमध्ये. अंगठ्याएवढा जीव. पण ताईचं काम म्हणजे केसाला केस जुळायला हवा. चपटं डोकं, ओल्या दगडाच्या रंगाची पाठ, नराच्या गळ्याखाली आवाजाची पिशवी, बोटाबोटाच्या टोकाला चिकटून बसायला चपटी गादी. मागचे पाय तिनं पोटाशी दुमडलेले काढले, कारण बरणीत भरताना ते तसेच दुमडतात. विभागातल्या मॅडमनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "सुरेख आहे, पण हा मेलेला बेडूक झाला. पायाच्या पडद्याचा रंग स्पिरिटमध्ये पार उडतो. एकदा ओढ्यावर चला."

"ह्यांना सोडून कशी येऊ?"

"घेऊन या की त्यांना."

झालं! गाडीत मॅडम, ताई, तोबरा भरल्यासारखं तोंड करून भाऊजी, आणि 'तूही चल गं' म्हणून मी.

ओढा कसला, नुसता दणदणाट. वरून पाणी कोसळत होतं, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. तिथं आम्ही सगळेच मुके. भाऊजींना तुषार उडणार नाहीत अशा लांबच्या कोरड्या दगडावर बसवलं. मॅडमनी एक दगड उचलून दाखवला. खाली पिल्लं होती, शेपटीवाली, तोंडानं दगडाला घट्ट चिकटलेली. एवढ्या लोंढ्यात सुटतील तर शपथ! हा हट्ट मला चांगलाच ओळखीचा वाटला.

मग तो दिसला. गळ्याची पिशवी फुगली. ओरडला असणार, पण आवाज कुठला पोचायला. मग त्यानं मागचा एक पाय सावकाश लांब केला, वर उचलला आणि बोटं फाकवली. बोटांमधला पडदा पांढराशुभ्र चमकला. पाय परत खाली. पलीकडच्या दगडावरून दुसऱ्यानंही पाय उचलला.

मॅडम माझ्या कानात ओरडल्या, "पाण्यापुढे आवाज चालत नाही, म्हणून पाय दाखवतो! शेजाऱ्याला सांगतोय, हा दगड माझा!"

ताईनं भाऊजींकडे वळून नुसतं बोट दाखवलं. ते पुढे वाकून बघत राहिले. बेडूक पाय उचलायचा, पलीकडचा उत्तर द्यायचा. भांडणच ते, बाजारातल्यासारखं! थोड्या वेळानं भाऊजींचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, कफ की काय! पण नाही, हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

घरी आल्यावर मी डिवचलंच. "बघा, एवढासा प्राणी, पण स्वतःची सोय लावून घेतली त्यानं. नाहीतर आमचे भाऊजी!" त्यांनी डोळे वटारले. ताईनं मात्र चित्र नव्यानं मांडलं. पांढरा पडदा पांढऱ्या कागदावर दिसेना, म्हणून मागे काळा ओला दगड रंगवला. भाऊजी खाटेवरून ते बघत असायचे.

एका दुपारी ताई मोरीत नळ सोडून ब्रश धूत होती. मी जाड पडद्याचं कापड शिवत होते, मशीन नुसतं खडखडत होतं. दोरा तुटला म्हणून मान वर केली, तर आतल्या खोलीच्या दारातून खाटेची कड दिसत होती, आणि कडेवर एक पाय, उंच, हवेत. बोटं फाकलेली. खाली गेला. पुन्हा वर आला.

"अगंबाई, हे काय नवीन थेर?" मी म्हणाले आणि म्हणता म्हणताच उठले. "ताई! ताई, धाव!"

ताई ओल्या हातांनी आली. नळी साफ केली. शिट्टीसारखा आवाज करत श्वास आत गेला. ओठ या खेपेला निळे पडले नव्हते. माझी जीभ काही गप्प बसेना.

"भाऊजी, दाखवायचाच होता तर पाय धुऊन तरी दाखवायचा!"

त्यांचे खांदे हलले. ताई खाटेच्या पायथ्याशी बसली, तो पाय मांडीवर घेतला आणि इतके महिने दाबून ठेवलेलं रडं तिला एकदम फुटलं.

"हाक मारलीत," ती म्हणत होती. "अहो, मला हाक मारलीत तुम्ही."

भाऊजींनी तिच्या मांडीवर पुन्हा बोटं फाकवली.