कोंडवली स्टेशन, सिल्व्हर पार्कच्या हॉलमध्ये

लोक पहिला कॅमेरा घेतात आणि थेट हिमालय गाठतात. मी ठाण्याहून मीरा रोड गाठलं. हसू नका. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी कॉलेजात होते, मामाचा कॅमेरा हट्टाने मागून आणला होता आणि बटण कुठे दाबायचं यापलीकडे मला त्यातलं काही कळत नव्हतं. नेमके तेव्हाच बाबांचे मित्र सुधाकरकाका घरी आले आणि म्हणाले, "मंजू, गणपतीत ये गो आमच्याकडे. माझ्या आगगाडीचे फोटो काढून दे. तात्यांना पाठवायचेत."

तात्या म्हणजे काकांचे वडील. रत्नागिरीकडच्या कोंडवली गावात एकटे राहायचे. काका भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात फिटर. गिरगावातली खोली सोडून त्यांनी मीरा रोडला सिल्व्हर पार्कात ब्लॉक घेतला होता. आता कोकणातला माणूस गणपतीला गावी गेला नाही की त्याला तोंड लपवावं लागतं, आणि काका तीन वर्षं गेले नव्हते. एसटीने पाठ धरते, रजा मिळत नाही, सोसायटीच्या देखाव्याचं काम गळ्यात पडलंय, एक ना दोन. दर पत्रात ते लिहायचे, "रेल्वे झाली की दर वर्षी येतो." तेव्हा कोकणात रुळांचं काम नुकतंच सुरू झालं होतं आणि तात्यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. मग काकांनी सोसायटीच्या गणपतीसमोर रेल्वेच करून टाकली. फोटो बघून म्हाताऱ्याची खात्री पटावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने बोरिवलीला जाणारी एसटी घ्यायची, काशीमिऱ्याला उतरायचं आणि पुढे रिक्षा. त्या काळी या रस्त्यावर डावीकडे जंगल आणि उजवीकडे अधूनमधून खाडी दिसायची. मी उजवी खिडकी पकडली होती. चेण्याला एक बाई काकड्यांची टोपली घेऊन चढली, माझ्या शेजारी बसली आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "फोटू काढतंस काय? माजा न्हाय हां. काकड्यांचा काढ." मी काढला नाही. रोल छत्तीस फोटोंचा, त्यातला एक काकड्यांवर कसा घालवायचा? उतरताना तिने माझ्या हातात एक काकडी मात्र ठेवली.

सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग आणि आत पाय ठेवायला जागा नाही. बाप्पाला हात जोडून लोक लगेच डावीकडे वळत होते, कारण डावीकडे गाडी होती. थर्माकोलचा सह्याद्री, त्यात तीन बोगदे, रंगवलेल्या भुशाचं गवत, आणि कारखान्यातल्या उरलेल्या पट्ट्या घासूनपुसून काकांनी केलेले रूळ. पत्र्याचे पाच डबे ओढत लाल इंजिन बोगद्यातून बाहेर यायचं, पूल ओलांडायचं आणि वळणावरच्या एका स्टेशनात शिरायचं. तिथे पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं होती: कोंडवली. गावाला स्टेशन मिळणार की नाही हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं; काकांनी देऊन टाकलं होतं.

"रोल नवा आहे ना?" काकूंनी विचारलं. "मग पहिला फोटो देवाचा." काढला. मग पूजेला बसलेल्या जोडप्याचा. तेवढ्यात नया नगरहून मुलांना गाडी दाखवायला आलेले एक चाचा म्हणाले, "बेटी, एक हमारा भी, गाड़ी के साथ." गाडीसोबत म्हणजे काय, तर सगळं कुटुंब गाडीकडे पाठ करून ओळीत उभं. गाडी अख्खी झाकली गेली. त्यांचा काढला, मग दुसऱ्या मजल्यावरच्या बेन म्हणाल्या, "अमारो पण एक." मग समोरच्या इमारतीतले. मला कुणाला नाही म्हणता येईना, आणि खरं सांगू, सगळे 'मॅडम' म्हणत होते ते आवडतही होतं. सहज कॅमेऱ्यावरचा आकडा बघितला तर पस्तीस! गाडीचा एकही फोटो नव्हता आणि रोल एकाच फोटोपुरता उरला होता.

मामाने फ्लॅश दिला नव्हता. ट्यूबलाइट आणि रंगीत माळा, एवढाच उजेड. म्हणजे शटर सावकाश उघडझाप करणार आणि पळती गाडी पुसट येणार, एवढं गणित मला त्या क्षणी सुचलं हेच नशीब.

"काका, एक मिनिट गाडी थांबवता का?"

"थांबवू? थांबलेली गाडी तर खेळण्यांच्या दुकानातही मिळते गो. तात्यांना ती चालताना दिसायला हवी."

मी प्रसादाच्या डब्यावर कॅमेरा टेकवला, श्वास रोखला आणि इंजिन पाटीखाली आल्याबरोबर बटण दाबलं. अशा प्रदर्शनात फोटो काढायला जाणार असाल तर एवढं ऐका: कॅमेरा कशावर तरी टेकवा, आणि आधी गाडीचे फोटो घ्या, माणसं नंतर.

फोटो धुऊन आला. पाटी लख्ख, कोंडवलीचा काना न् काना दिसत होता. गाडीच्या जागी नुसता लाल पट्टा. मी खट्टू झाले, पण काका खूश. "बघ, कशी सुसाट चाललेय!" त्यांनी तो त्याच दिवशी पोस्टात टाकला.

विसर्जनानंतर तात्यांचं उत्तर आलं. "चि. सुधाकरास आशीर्वाद. फोटो मिळाला. गाडी आपल्याकडे थांबत नाही असे दिसते. मग तिचा उपयोग काय?"

काकांना हे इतकं लागलं की दसऱ्याच्या सुमारास त्यांनी मला पुन्हा बोलावलं. पुन्हा तीच एसटी, तीच खिडकी. देखावा केव्हाच मोडला होता, म्हणून काकांनी घरातल्या दिवाणावर फक्त कोंडवली स्टेशन मांडलं होतं. काकूंनी घावणे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं केलं होतं. फोटो राहू देत, त्या जेवणासाठीही मी दोन बस बदलून गेले असते. इंजिन बरोबर पाटीखाली उभं केलं. गर्दी नाही, घाई नाही, खिडकीतून दुपारचं ऊन. छत्तीसच्या छत्तीस फोटो त्या एका उभ्या गाडीचे काढले. त्यातला सगळ्यात चांगला मोठा करून तात्यांना पाठवला, एक प्रत मी ठेवून घेतली. आजही तो मला माझा पहिला खरा फोटो वाटतो. डब्यांच्या खिडक्यासुद्धा मोजता येतात.

दिवाळीच्या आठवडाभर आधी काका आमच्या घरी ठाण्याला आले. खिशातून पोस्टकार्ड काढून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी वाचून माझ्याकडे दिलं.

"गाडी थांबलेली पाहिली. बरे वाटले. भिंग लावून पाहिले. उतरलेले कोणी दिसले नाही."

मी माझ्याकडची प्रत काढली. खरंच, फलाटावर कोणी नव्हतं. छत्तीस वेळा त्या फलाटाकडे डोळा लावून बघितलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. मला रडू आलं. काका म्हणाले, "तू कशाला रडतेस? फोटो बरोबर आलाय." मग आईला विचारलं, "वहिनी, रत्नागिरीची एसटी ठाण्याहून पकडता येते ना?"

त्या दिवाळीला ते गावी जाऊन आले, पाठदुखीसकट.

पुढच्या गणपतीत मी हौसेने पुन्हा मीरा रोडला गेले. आता माझ्याकडे फ्लॅश होता, तिपाई होती, दोन रोल होते आणि सगळं येतं अशी घमेंडही होती. हॉलमध्ये कागदी फुलांचं साधं मखर होतं. गाडी नव्हती. मी धावत जिना चढून काकांच्या दाराशी गेले तर दाराला कुलूप.

समोरच्या दारातून बेन बाहेर आल्या. "वो लोग तो गाँव गए. गणपति है ना!"

बंद दार बघून एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही. परतीच्या एसटीत खाडीकडची खिडकी मिळाली. दोन्ही रोल तसेच कोरे घेऊन मी ठाण्याला घरी आले.