अदीचा मोगरा

कुणाच्याही घरी गेली की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी ती त्यांच्या कुंडीत बोट खुपसायची. पुतण्यासाठी मुलगी बघायला बदलापूरला गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तर ही खिडकीत, तुळशीपाशी. बोट मातीत पार दुसऱ्या पेरापर्यंत. मुलीच्या आईला म्हणते, "पोर बरी हाय तुमची. पन तुळस बुडवून मारताव." मला वाटलं, सोयरीक गेली. गेली नाही. ती पोर आज आमच्या घरात आहे.

ही म्हणजे माझी बायको. जांभूळ गावच्या शेतकऱ्याघरची. मी मोरिवलीला कारखान्यात होतो, शाळा चौथीपर्यंत. लिहिताना आडवंतिडवं होईल, चालवून घ्या. अंबरनाथला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दर रविवारी बायकांचं बागेचं मंडळ भरतं, ते हिनं सुरू केलं. उल्हासनगर कॅम्प चारवरून लीला भाभी यायची, रिक्षात मांडीवर कढीपत्त्याचं रोप लावलेला डबा घेऊन. सिंधी लोक बहिणीला अदी म्हणतात. ती हिला अदी म्हणायला लागली, आणि मग सगळं मंडळच म्हणायला लागलं.

होळीच्या सुमाराला ही कुणाला बसू द्यायची नाही. "कुंडी उपडी करा. मुळं गोल गुंडाळली असतील तर खालची कापा. अर्धी माती नवी, त्यात जुनं शेणखत. भेंडी, गवार, काकडी आत्ताच टोचून घ्या. वर सुका पाला पसरा. पानी सकाळी. दुपारी तापल्या कुंडीत पानी घातलंत तर मुळं उकडतील." समजावणं तिला ठाऊक नव्हतं, दरडावायचीच. लीला भाभी एकदा म्हणाली, "अदी, मेरा कढीपत्ता ऊपर ऊपर भागता है, फैलता नहीं."

"शेंडा खुडलास?"

"दिल नहीं करता."

"मंग ऱ्हाऊदे. नुसता उंच होईल, तुझ्या पोरासारखा."

सगळ्या हसल्या. लीला भाभी सगळ्यात जास्त. तिथंच बसून तिनं शेंडा खुडला.

पण हिचा खरा जीव मोगऱ्यावर. दर चैत्रात आमच्याकडं मंडळाचं हळदीकुंकू असायचं. बाजारातला गजरा त्या दिवशी चालायचा नाही. गच्चीवरच्या मोगऱ्याची फुलं, तीच सगळ्यांच्या केसांत. त्यासाठी थंडीत मोगऱ्याचं पाणी तोडायचं. पानं मान टाकतात, पिवळी पडतात, बघवत नाही. तेव्हा गप्प राहायचं. मग छाटणी, मग खत, मग भरपूर पाणी. की चैत्रात पानागणिक कळी. "उपाशी ठेवल्याबिगर फुलत नाय," ती म्हणायची.

मागच्या पौषात तिच्या पोटात दुखायला लागलं. रोग मोठा निघाला. मी दवाखान्यात तिच्या पायथ्याशी बसून, आणि गच्चीची किल्ली खालच्या मजल्यावरच्या सुनंदाकडं. मंडळाच्या बायकांनी आपसात पाळ्या लावल्या. अदी येईपर्यंत तिचं एकही झाड सुकता कामा नये. मोगऱ्याला तर सकाळ-संध्याकाळ पाणी. ऐन पाणी तोडायच्या, ताणाच्या दिवसांत. सगळ्यांना ती रीत ठाऊक होती. पण अदी आजारी आणि तिचा मोगरा तहानलेला ठेवायचा, हे कुणाच्यानं झालं नाही.

फाल्गुनात डॉक्टर म्हणाले, घरी न्या. म्हणजे काय ते मला कळलं. तिलाही कळलं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला वर न्या." प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही तिला गच्चीवर नेलं. मोगरा हिरवागार, पानांनी भरलेला. तिनं बोट घातलं. माती चिखल.

"माजवलाय निस्ता," ती म्हणाली. "मी मराया टेकले म्हनून याचे लाड कशाला?"

सुनंदा रडायला लागली. "काकी, आता या वर्षी नाही का येणार फुलं?"

"येतील. उशीर झालाय, पन येतील. आजपासनं थेंब नाय घालायचा. मला चैत्रात फुलं पायजेत."

ऊन चढत होतं. मोगऱ्यानं मान टाकली. लीला भाभी माझ्या हाताला धरून म्हणाली, "भाईसाब, मर जाएगा. थोडा सा तो डालो." मी नाही घातलं. हिच्याही गळ्याखाली तेव्हा पाणी नीट उतरत नव्हतं. चमच्यानं पाजायचो. वर मोगरा, खाली ही. रोज सकाळी चिमूटभर माती तिला आणून दाखवायची. ती बोटांनी चुरडायची, म्हणायची, "अजून नाय." होळीच्या दिवशी म्हणाली, "आता छाटा."

खुर्ची पुन्हा वर गेली. कात्री तिच्यानं दाबली जाईना. ती बोट दाखवायची, मी कापायचो. "तिथं नाय, कोंबाच्या डोळ्याच्या वर. अवो, घाबरता काय? रोगट फांदी ठेवून काय पूजा करताय?" शेवटी नुसत्या काटक्या उरल्या. खत घातलं, पाणी भरलं. खाली आल्यावर ती खूप वेळ झोपली.

पाडव्यानंतर ती गेली. तेव्हा मोगऱ्याला कोवळी पालवी होती, कळी एकसुद्धा नव्हती. बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. गजरा स्टेशनाबाहेरून आणला. मला फार लागलं ते.

तेरावं झालं आणि कळ्या दिसायला लागल्या. आमच्या घरी हळदीकुंकू होणार नव्हतं. लीला भाभी म्हणाली, "मेरे यहाँ होगा. अक्षय तृतीया को." तिच्या घरात असलं कधी झालं नव्हतं. आंब्याची डाळ तिनं चक्क शिजवली. कुणी चूक काढली नाही, सगळ्यांनी खाल्ली.

त्या दिवशी पहाटे गच्चीवर गेलो. मोगरा पांढरा झाला होता. फुलं ओल्या फडक्यात बांधून कॅम्प चारला दारात दिली. बायकांचं काम, मी आत गेलो नाही. पायरीवर बसलो. आत आधी कुणीतरी रडलं, मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, भांडल्यासारख्या, खताबद्दल.

बहर उतरला. उतरला की शेंडे खुडायचे, म्हणजे पुन्हा फूट येते. यंदा हे सांगायला घरात कोणी नव्हतं. मी कात्री घेतली आणि वर गेलो.