‘नामांतर अनुज्ञेय नाही’: संभाजीनगर ते गोवा, बोटीनं

मी मिरच्यांची देठं काढत बसले होते आणि पुण्याहून अमोलचा फोन आला. “आई, तू क्रूझवर चाललीस.” अमोल माझा एकुलता एक लेक. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याच्या क्रूझ क्लबच्या खात्यात पॉइंट पडून होते आणि त्यांची मुदत संपत आली होती. मुंबई ते गोवा आणि परत, बाल्कनीची खोली, दोघींसाठी. दुसरी कोण हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. दुसरी कौसल्याच असणार.

कौसल्या पांढरे, फुलंब्रीकडची. तिच्या माहेरी मेंढरं. चिकलठाण्याच्या कारखान्यात आम्ही दोघी एका बाकावर बसून गाड्यांच्या वायरी जोडायचो, तिथंच रिटायर झालो. तिला कळवलं तर म्हणाली, “समुद्र? मंग लुगडं कोणतं नेसू?” जायचं की नाही हा प्रश्न तिला पडलाच नाही.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंगचा कागद आला. प्रवासी एक, कौसल्या पांढरे. बरोबर. प्रवासी दोन, सुमन वेरूळकर. या बाईला मी ओळखत नव्हते.

माझं नाव सुमन खरात. हे माझ्या बापाचं आडनाव. नवऱ्यानं सोडल्यावर मी ते परत लावलं आणि लेकालाही तेच दिलं. अमोलनं पुण्यात गेल्यावर राजपत्रात छापून ‘वेरूळकर’ केलं. का, ते मला माहीत आहे. भाड्याच्या घरासाठी फोन केला की घर रिकामं असायचं आणि आडनाव सांगितलं की भरलेलं असायचं. तेव्हा मी त्याला एका शब्दानं बोलले नाही. ज्याला तिथं राहायचंय त्यानं ठरवावं. पण माझं नाव मला न विचारता?

“अगं, सगळ्यांचं एकच आडनाव असलं की सोपं पडतं,” तो म्हणाला. “बुकिंग ऑफिसच्या ग्रुपमधून आहे. आपण तुझं आधारही बदलून घेऊ. एक प्रतिज्ञापत्र केलं की झालं. नावात काय आहे, आई?”

माझं डोकंच फिरलं. फोन ठेवला.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मी आठवीत होते. वेरूळच्या पलीकडं आमचं छोटं गाव. मराठवाड्यात किती गावांत घरं जळाली. आमच्या गावात काडी लागली नाही, फक्त गिरणीवाल्यानं आमची ज्वारी दळून द्यायचं बंद केलं. कामाला बोलावणं बंद झालं, विहिरीवर जाणं बंद झालं. आई पाट्यावर ज्वारी भरडायची आणि आम्ही कण्या खायचो. “नावात काय ठेवलंय रे?” असं गावातली मोठी माणसं माझ्या बापाला विचारायची. बाप म्हणायचा, “काहीच नाही ना? मग द्या की!” शेवटी त्यानं बिऱ्हाड उचललं आणि शहर गाठलं. चिकलठाण्याला तेव्हा एकापाठोपाठ एक शेड उभ्या राहत होत्या. बापानं त्यांचे पाये खणले आणि पुढं त्यातल्याच एका शेडमध्ये मला नोकरी लागली. सुपरवायझर म्हणाला, “बॅजवर नुसतं सुमन लिही, उगाच लाइनवर कटकट नको.” मी ‘सुमन खरात’ लिहिलं. कटकट झाली. एका बाईनं बाक बदलला आणि तिच्या जागी कौसल्या आली. आली तशी माझ्या डब्यातली कारळाची चटणी फस्त करून गेली. विद्यापीठाला नाव मिळायला पुढं कितीतरी वर्षं लागली. तोवर मी मोर्चात लाठी खाल्लेली होती. आणि आता लेक म्हणतो, नावात काय आहे.

दुसऱ्या दिवशी कौसल्याला घेऊन निराला बाजारातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात गेले. तिथं शबाना नावाची मुलगी बसते. ज्यांना क्रूझला जायचंय त्यांनी इथून नीट वाचा, कारण या गोष्टी जाहिरातीत नसतात.

पॉइंटनं तिकीट काढलं म्हणजे सगळं फुकट असं नाही. पॉइंटमधून फक्त मूळ भाडं जातं. बंदराचे पैसे, कर आणि बोटीवरच्या लोकांची टिप वेगळी भरावी लागते. पॉइंट ज्याच्या नावावर आहेत, त्यालाच बुकिंगमध्ये बदल करता येतो. आधी अनामत भरायची. उरलेली रक्कम ठरलेल्या तारखेच्या आत भरली नाही तर खोली सुटते. त्या तारखेआधी रद्द केलं तर अनामतीतलं थोडं कापून बाकीचं परत मिळतं, नंतर जवळपास काहीच नाही. आणि मुदत संपत आलेले पॉइंट रद्द झालेल्या बुकिंगमधून परत येत नाहीत, ते गेलेच.

“आणि नाव?” मी विचारलं.

“स्पेलिंग चुकलं असेल तर खातेदाराच्या होकारावर मी आत्ता करून देते, आंटी. पण पूरा आडनाव बदलायचं तर...” तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. कंपनीनं आपले नियम मराठीतही टाकले होते, कुठल्या यंत्राकडून करून घेतलेल्या मराठीत. तिथं लिहिलं होतं: ‘आरक्षणपश्चात नामांतर अनुज्ञेय नाही.’

मी ते मोठ्यानं वाचलं. कौसल्या एवढी हसली की शेजारच्या काउंटरवरची माणसं बघायला लागली. “सुमे, हे लोक अजून तिथंच हायेत व्हय!”

शबानाला काहीच कळेना. ती नंतर जन्मली. तिला मी थोडक्यात सांगितलं, तशी ती खुर्चीत सरसावून बसली. म्हणाली, “एक रस्ता आहे. खातेदारानं आपला राजपत्राचा कागद टाकायचा. म्हणजे दोन्ही आडनावं एकाच घरातली हे दिसतं. मग तुमचं नाव दुरुस्त होईल.”

म्हणजे अमोलनं लिहून द्यायचं की मी आधी खरात होतो. मी तिथूनच त्याला फोन लावला. त्यानं आधी कुठलंसं दार लावून घेतलं. मग म्हणाला, “आई, ग्रुपचं बुकिंग आहे. तो कागद ऑफिसातल्या बाईकडून पुढं जातो. इथं कुणाला माहीत नाही. समजून घे ना.”

“समजले,” मी म्हटलं. “मग रद्द कर.”

“पॉइंट वाया जातील.”

“जाऊ दे. तुझे पॉइंट, माझं नाव.”

मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण पोटच्या पोराला लाज वाटते म्हणून मी दुसरीच बाई होऊन बोटीवर चढणार नव्हते. आणि घरीही बसणार नव्हते. शबानाला म्हटलं, त्याच बोटीवर माझ्या पैशानं, माझ्या नावानं काय मिळतं ते बघ.

बाल्कनीच्या खोल्या संपल्या होत्या, खिडकीच्याही. उरली होती आतली खोली, तीही ‘गॅरंटी’वर. म्हणजे खोली नक्की मिळणार, पण कुठल्या मजल्यावर ते कंपनी निघायच्या आधी सांगणार. शबाना म्हणाली, कौसल्याआंटीचं नाव बरोबर आहे, त्या बाल्कनीच्या खोलीत एकट्या जाऊ शकतात.

“एकटी बसून समुद्राशी बोलू काय?” कौसल्या म्हणाली. “माझं बी कापायला सांगा तिथून. दोघींना एकच अंधारी खोली द्या.” मी पेन्शनीतून अनामत भरली आणि आलेल्या कागदावरचं नाव तीनदा वाचलं.

निघायचा दिवस. स्टेशनला सोडणाऱ्या रिक्षावाल्यासाठी आमचं शहर अजून औरंगाबादच आहे, परत आणणाऱ्यासाठी संभाजीनगर होतं. भांडण दोघांशीही झालं ते भाड्यावरून. जनशताब्दीनं दुपारी मुंबई गाठली. बोट आमची दुसऱ्या दिवशी होती, म्हणून दादरला एका धर्मशाळेत मुक्काम केला. तुम्हीही आदल्या दिवशीच पोचा. गाडीला उशीर झाला तर बोट थांबत नाही आणि पैसेही परत येत नाहीत.

बंदरावर विमानतळासारखी तपासणी असते. घरचं खाणं आत नेता येत नाही, हा नियम मी वाचला होता आणि कौसल्यानं कानाआड केला होता. तिच्या पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा निघाला. पहारेकरीण म्हणाली, फेकून द्या. “फेकू? गिळीन, पण फेकणार नाय,” म्हणून कौसल्या तिथंच बाकावर बसली आणि बोटानं चटणी खायला लागली. मलाही खावी लागली. शेवटी पहारेकरणीनंही चिमूटभर घेतली आणि ठसका लागून डोळ्यांतून पाणी काढलं.

काउंटरवर आधार दिलं. मुलीनं एकदा कार्डाकडं पाहिलं, एकदा स्क्रीनकडं. “सुमन खरात?” “हो,” मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले. खोली उघडायचं कार्ड हातात पडलं, त्यावरही तेच नाव छापलेलं.

आतली खोली म्हणजे खरोखर आतली. दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नाही. “लेण्यात आणलंस व्हय गं मला?” कौसल्या म्हणाली. पण खरं सांगते, बाल्कनीसाठी जीव टाकू नका. वरचा डेक सगळ्यांचा असतो. आम्ही फक्त झोपायला खाली जायचो. सकाळी पोहे, इडली, दुपारी पोळी-भाजी, सगळं भाड्यातच. चहा पाणचट. भाकरी नाही, याचा कौसल्याला शेवटपर्यंत राग होता. कोल्ड्रिंकचे पैसे वेगळे लागतात, ते कार्डावर चढत जातात आणि उतरताना कळतं.

जेवायला मोठं गोल टेबल, अनोळखी माणसांसोबत बसायचं. पहिल्या दिवशी शेजारी एक बाई होत्या, चांगल्या बोलक्या. मुलं काय करतात, गुडघे दुखतात का, सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, “आडनाव नाही कळलं?”

“खरात.”

“अच्छा,” त्या म्हणाल्या. तो ‘अच्छा’ मी ओळखते. तो थोडा लांब असतो.

“आन मी पांढरे,” कौसल्या ताटातून मान वर न करता म्हणाली. “मेंढरंवाल्यांची. अजून काय पायजे, कुळ सांगू का?”

टेबलावर कुणीतरी हसलं, कुणीतरी वाटी सरकवली. दुसऱ्या दिवशी त्या बाई दुसऱ्या टेबलावर बसल्या. कदाचित त्यांना खिडकी हवी असेल. मी मात्र त्या दिवशी दोन वाट्या खीर खाल्ली.

गोव्यात दिवसभर मोकळीक मिळते. बंदराबाहेरचे टॅक्सीवाले अडवतात, त्यांच्या हाती लागू नका. थोडं चालत गेलं की साधी बस मिळते. किनाऱ्यावर कौसल्या लुगड्याचा काष्टा घालून गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. लाट आली की लाटेला शिव्या द्यायची, आणि गेली की “ये ना, ये” म्हणायची. मी वाळूत बसून बघत होते. अमोल बरोबर असता तर, असं मनात येऊन गेलं. त्याच्यावरचा राग तसाच होता आणि त्याची आठवणही येत होती. दोन्ही एकदम होतं, आईला नवीन नाही.

परतून आता आठवडा झाला. गुडघे बोलतायत. पेन्शनीला खड्डा पडलाय, तो भरेल. माझ्या नावानं क्लबचं खातं निघालंय आणि त्यात थोडे पॉइंट आलेत. शबाना म्हणते, पुढच्या वेळी खिडकी नक्की. लोक विचारतात, एवढ्या हट्टापायी बाल्कनी घालवलीस, मिळवलंस काय? त्यांना मी सांगते, प्रवासाला मी गेले होते, माझ्या जागी दुसरं कुणी नाही. मला तेवढं पुरतं.

रविवारी अमोल आला, आपल्या आठ वर्षांच्या लेकीला, रेवाला घेऊन. जेवताना आम्ही दोघं एकमेकांना भाजी वाढत होतो आणि नजर चुकवत होतो. रेवा माझ्या फोनवर फोटो बघत बसली होती. खोलीच्या कार्डाचा फोटो आला, तसा तिनं तो मोठा केला.

“आजी, यांनी तुझं नाव चुकवलंय.”

अमोलचा घास हातातच राहिला.

“चुकलेलं नाही,” तो म्हणाला. “आपलं आडनाव खरात आहे.”

“मग आपण वेरूळकर का लावतो?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी स्वयंपाकघरात जायला उठले होते, ती परत बसले. त्यानं घास ताटात ठेवला आणि लेकीला म्हणाला, “मी पुण्यात घर शोधत होतो तेव्हा...”

“तिथून नाही,” मी म्हटलं. “गावापासून सांग.”