हवा धरणारा घेर

हुबळीतल्या पोहण्याच्या टँकचा इतिहास कुणाला लिहायचा असेल, तर त्यानं कचेऱ्या धुंडाळत बसू नये. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत शालिनीअक्का राहतात. त्यांच्या शिलाई मशीनच्या खणात लाल पुठ्ठ्याची एक माप-वही आहे, ती मागून बघावी. देतील की नाही ते मात्र मी सांगत नाही. पंच्याहत्तरी उलटली तरी अक्कांच्या जिभेची धार काही कमी झालेली नाही. "टेप धरता येतो काय तुला? मग वही कशाला पाहिजे?" असं म्हणून खण फाटकन बंद करतील.

त्या वहीत टँकवर पोहायला आलेल्या बायकांची मापं आहेत. छाती, कंबर, उंची, आणि पुढं अक्कांचा शेरा: 'घाबरट.' 'तोंड बंद ठेवत नाही, पाणी पिते.' 'नवऱ्याला न सांगता येते, कपडे इथंच वाळवायचे.' पहिल्या पानावर पहिलं नाव आहे लीलाचं. शेरा एकच शब्द, 'हसरी.'

त्याआधी पोहायचं ते पुरुषांनी. पोरं गावाबाहेरच्या तळ्यात नाहीतर कुणाच्या मळ्यातल्या विहिरीत धडाधड उड्या टाकायची, आणि बायकांनी काठावर बसून धुणी बडवायची. मग गावातल्या एका व्यायाम मंडळानं सिमेंटचा टँक बांधला. फरशा नव्हत्या की फिल्टर नव्हता. पाणी चार दिवसांत हिरवं व्हायचं, मग ब्लीचिंग पावडर टाकायची, आणि अंगाला तो वास दोन दिवस राहायचा. वर्षभरानं मंडळाला बायकांची आठवण झाली. वेळ दिली भर दुपारी बारा ते एक! का, तर त्या उन्हात पुरुषांपैकी कुणालाच टँक नको असायचा. चारी बाजूंनी बांबूचे तट्टे उभे केले, शिकवायला सुनिताबाई म्हणून एक खमक्या बाई नेमल्या, आणि मोजून सात जणी आल्या. त्यांत निपाणीहून लग्न होऊन कापडवाल्यांच्या घरात आलेल्या आपल्या शालिनी होत्या. आणि सकाळची शाळा शिकवून, मळमड्डीहून निघून बसनं धडपडत येणारी लीला होती.

आता प्रश्न आला, घालायचं काय? बाजारात बायकांचा पोहायचा पोशाख मिळत नव्हता, आणि मासिकातलं चित्र बघून सगळ्या जणी एकदम म्हणाल्या, "अय्यो, साकु!" म्हणजे पुरे झालं. शालिनीचा हात शिवणात चांगला होता. तिनं सातही जणींना जाड पॉपलीनची चोळी आणि परकर शिवून दिले. अंग झाकलं पाहिजे म्हणून परकराला घेर कसा, तर चांगला भरघोस, बारा कळ्यांचा. चूक झाली ती तिथं.

पहिल्या दिवशी सात जणी पायऱ्या उतरून पाण्यात गेल्या मात्र, परकरांत हवा भरली आणि ते फुगून पार काखेपर्यंत वर आले. सगळ्या बुचासारख्या तरंगायला लागल्या. हात मारत्या झाल्या, ओरडायला लागल्या, "आलं गं, आलं पोहायला! पहिल्याच दिवशी!" सुनिताबाई काठावर कपाळाला हात लावून उभ्या. मग ओलं कापड हळूहळू हवा सोडायला लागलं. घेराच्या कडेनं बुडबुडे आले, आणि एकेक पोहणारीण किंकाळी फोडून खाली. पाणी चार फूट. पण ते लक्षात कुणाच्या येतंय! तट्ट्याबाहेर बाबू पहारेकरी बांबू घेऊन नुसता नाचत होता, "एनात री? एनात री?" काय झालं म्हणून विचारायचं, पण आत यायची सोय नाही. नाकातोंडात पाणी गेलेली लीला उभी राहिली आणि पोट धरून हसत सुटली. तिला बघून शालिनीही हसली. दोघींची मैत्री त्या हसण्यापासूनची.

मग अक्कांच्या यजमानांनी, वसंतरावांनी, तोड काढली. दुकानात छत्रीच्या काळ्या नायलॉनचा एक तागा कधीचा पडून होता. पाणी धरत नाही, अंगाला चिकटत नाही, आरपार दिसत नाही. शालिनीनं त्याचे गुडघ्यापर्यंतचे सरळ ड्रेस शिवले, घेर बिलकुल नाही. चालताना सरसर आवाज यायचा. गावानं नाव ठेवलं 'छत्री बॅच'. ठेवा म्हणावं! तिसऱ्या महिन्यात लीला टँकच्या या टोकापासून त्या टोकाला गेली, आणि परत येताना मध्ये थांबलीसुद्धा नाही.

पुढं टँकला फरशा लागल्या, फिल्टर आला, पाणी निळं दिसायला लागलं. तट्टे गेले, भिंत आली. छत्री बॅचच्या लेकी आल्या, मग नाती आल्या, गॉगल लावून, तयार पोशाख घालून. वहीत नवी नावं येईनाशी झाली. कोरोनात टँक बंद पडला तो तीन वर्षं, तळाला शेवाळ धरलं. यंदा नवा होऊन उघडला. सात जणींतल्या आता दोघीच उरल्यात.

आणि त्या दोघींतली एक उठायला तयार नव्हती. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून लीलाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर स्वतः म्हणाले की आता पाण्यात चाललात, पोहलात तर उत्तमच. पण दहा महिने झाले, बाई उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. ती हसरी बाई खिडकीशी बसून रस्त्यावरच्या रिक्षा मोजायची. अक्का दर बुधवारी हुबळीहून मळमड्डीला जायच्या आणि भांडून परत यायच्या.

"माझं पोहणं संपलं, शालू," लीलाबाई म्हणाल्या. "पाय उचलत नाही. अंग विसरलं सगळं."

"अंग विसरत नसतंय. तू रडतोंडी झालीयास, एवढंच."

"बरं. एकदा येते, तुझ्या जिवासाठी. पण बुडाले तर परत कधी विचारायचं नाही. शपथ घे."

अक्कांनी शपथ घेतली आणि टेप काढला. छत्तीसची छाती एकतीसवर आली होती. उंचीसुद्धा दीड इंच कमी भरली. अक्कांनी टेप दोनदा लावून बघितला, मग आकडे लिहून घेतले. परतीच्या बसमध्ये मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकदाच येते म्हणाली. आणि एवढ्याशा अंगात जोर कुठला? बुडाली तर ती खिडकी काही सुटत नाही.

घरी येऊन त्यांनी छत्रीचं उरलंसुरलं कापड काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मैत्रिणीला फसवायचं ठरवलं. ड्रेसला खालून घेर दिला, दुपदरी, आतल्या कडेला इलॅस्टिक. वरून दिसायला साधा, पण पाण्यात गेला की आत हवा कोंडणार. पन्नास वर्षांपूर्वीची तीच चूक, या वेळी जाणूनबुजून, टाक्यावर टाका घालून. बादलीत बुडवून पाहिला. पाच मिनिटं हवा धरली. पाच मिनिटांत टँकची रुंदी पार होते, अक्कांनी हिशेब केला. काठाला हात लागला की झालं.

बुधवारी दारावरच अर्चना आडवी आली. ही टँकची नवी मॅनेजर, गळ्यात शिट्टी. "आज्जी, बोर्ड वाचला नाही का? फक्त नायलॉनचा ड्रेस चालतो."

"छत्री कशाची असते, मॅडम?"

अर्चनानं कापड बोटांत धरून पाहिलं. हसू आवरेना तिला. "नायलॉनचीच की! बरं, टोपी तरी घाला. आणि मी काठाकाठानं चालणार, हं."

लीलाबाई कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. पाणी कमरेला लागलं तसा ड्रेस हळूच फुगला. अक्कांनी हात पुढं केला तर लीलाबाईंनी झिडकारला, आणि डोळे मिटून अंग पाण्यावर टाकलं. तरंगल्या! एक हात, दुसरा हात. पाय किंचित हलला. "शालू! बघ, विसरले नाही गं मी!"

"बघालोय की," अक्का म्हणाल्या. इतकी वर्षं या बाईशी खोटं बोलल्या नव्हत्या. तिच्या शेजारून त्या पाण्यातून चालत राहिल्या, नजर त्या घेरावर. अर्धी रुंदी झाली. आणि लीलाबाईंच्या मागं पाण्यावर बुडबुडे आले.

आधी दोन, मग भसाभस. तिच्या अंगावर बादलीपेक्षा कमीच टिकली हवा. घेर चपटा होऊन काळ्या चिंधीसारखा मागं लोंबकळायला लागला. आत आता जराही हवा उरली नव्हती. अक्कांनी दोन्ही हात पसरून झेप घ्यायची तयारी केली.

लीलाबाई बुडाल्या नाहीत. हात येत होता, जात होता. श्वासाला तोंड वळत होतं, डावीकडं, तिच्या जुन्या सवयीनं. तशीच ती पुढं गेली, आणि काठ धरला.

अक्का होत्या तिथंच उभ्या राहिल्या, पाण्यात, हात पसरलेले तसेच.

"काय शिवलायस गं हे?" धापा टाकत लीलाबाई म्हणाल्या. "केवढा तो घेर! पायात अडकत होता नुसता. पुढच्या बुधवारी सरळ करून आण." आणि मग त्यांना हसू फुटलं, पोट धरून, नाकातून पाणी गळेपर्यंत.

घरी आल्यावर अक्कांनी ओला ड्रेस मांडीवर घेतला आणि घेराचे टाके एकेक करून उसवले. मग माप-वहीचं नवं पान काढलं. छाती एकतीस, उंची दीड इंच कमी. पुढं शेरा लिहिला: 'घेर नको.'