हलक्या हाताचं काम

जामसंड्याच्या एका शेडमध्ये मी सोळा वर्षं आंबे निवडते आहे. देठाशी अंगठ्यानं हलकेच दाबलं की कुठला आज खायचा आणि कुठला चार दिवसांनी, ते मला कळायचं. गेल्या वर्षी बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं, म्हणजे नसांवरचं आवरण खराब होतं. उकाड्यात त्रास वाढेल, असंही ते म्हणाले. आंबा काय थंडीत पिकतो?

बोटांना काही जाणवत नाही म्हणून मी जरा जोर देऊन दाबायला लागले.

काम सोडू का, असं सगळ्यांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच ठरवा. मालक म्हणाला, "तुजा तू ठरव, माजी काय तक्रार नाय." नवराही तेच म्हणाला. ज्या घरात आज भाजी कुठली करायची तेसुद्धा मला कधी ठरवू दिलं नाही, त्या घरात!

शेवटी चिडून मी स्वतः निवडलेली एक पेटी घरी आणून ठेवली. चार दिवसांनी नवऱ्यानं ती उघडली. आंबे छान पिवळे झाले होते आणि प्रत्येकाच्या देठाशी एक काळा डाग होता.

नवऱ्यानं पेटीचे कोपरे चाचपून पाहिले. मग म्हणाला, "पेटी खंयतरी आपटली आसतली गो."

मी एक आंबा उचलला आणि त्या डागावर अंगठा ठेवला. तो बरोबर बसला.