उलट वाजवलेली कॅसेट

“आवाज हाय आपा, सैतानाचाच आवाज हाय यात.”

रफिक उलडे हे वाक्य बोलला तेव्हा तिशीत होता. बोर्ली पंचतनच्या बाजारात त्याचं कॅसेटचं दुकान होतं. गिऱ्हाइकांपेक्षा गप्पा मारायला येणारेच जास्त. साल सत्त्याण्णव. त्या रमजानात बाहेरून आलेल्या एका वक्त्याने बयानात, मशिदीतल्या प्रवचनात, सांगितलं होतं, की परदेशी गिटारवाल्यांची गाणी उलटी वाजवली की त्यांत सैतानाची स्तुती ऐकू येते. ते ऐकून जहुराआपा दुकानात आली. हातात तिच्या मुलाची, फहादची कॅसेट. वेष्टनावर बोकडाच्या शिंगांचा माणूस, खाली उलटी पाचकोनी चांदणी. बोट लागू नये म्हणून तिने ती ओढणीच्या टोकात धरली होती.

“ही उलटी वाजवून दे.”

काम किचकट होतं. कॅसेटचे पाच बारीक स्क्रू काढायचे, पट्टीला मधे एक पीळ द्यायचा आणि तिची पाठ मशीनकडे करून पुन्हा बसवायची. मग गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजतं, दबकं, उशीखालून आल्यासारखं. रफिकचा दीड तास त्यात गेला. बाकड्यावर बसलेला सुपारीवाला विश्वंभर म्हणाला, “आपा, कशाला त्रास देताय त्याला? ह्याच्याकडे सुलटी कॅसेटसुद्धा उलटीच वाजते!” सगळे हसले. जहुरा हसली नाही.

पट्टी फिरली. घरघर आली, विहिरीत कुणी गुळण्या कराव्यात तसं काहीतरी आलं. शब्द एकही नाही. रफिक ‘काही नाही’ म्हणणारच होता, तेवढ्यात तिने विचारलं, “ही भरून दिली कुणी त्याला?”

भरून दिली होती रफिकनेच. जहाजावर काम करणाऱ्या एका दोस्ताची मूळ कॅसेट आणून, स्वतःच्या हाताने, प्रेमाने. ते वेष्टनसुद्धा त्यानेच रंगीत झेरॉक्स काढून घातलं होतं. फहाद बावीस वर्षांचा होता. कॉलेज सोडून रोज दुपारी दुकानात येऊन बसायचा आणि डोळे मिटून ऐकायचा, मग घरी जाऊन गिटारवर तेच सूर शोधायचा. आता ही बाई मोहल्ल्यात आपलं नाव घेणार, मशिदीत लोक आपल्याकडे बघणार, हे रफिकला लख्ख दिसलं. बाकडंभर माणसं कान टवकारून बसली होती. आणि तो ते वाक्य बोलून गेला. कुणी कॅसेट भरली हा प्रश्न तिथेच बुडाला.

खरं काय ते त्याला चांगलं ठाऊक होतं. असल्या बँडवाल्यांच्या कॅसेटी त्याने दहा वर्षं हाताळल्या होत्या. शिंगं, कवट्या, सहा-सहा-सहाचे आकडे, भुताखेतांची नावं. त्यांच्यातल्या काहींनी जादूटोण्याची जुनी पुस्तकं खरोखर वाचली असतील, वेड्यासारखं त्यांच्या मागेही लागले असतील. बाकीच्यांनी ती चिन्हं, दुकानदार दारावर रंगीत दिवे लावतो, तशी लावली होती. लोक घाबरले की वळून बघतात. आत मात्र गाणं असायचं ते धुराच्या गावांचं, बंद पडलेल्या कारखान्यांचं, मेलेल्या आईचं. इंग्रजी दोघांनाही तुटकतुटकच कळायचं, तरी फहाद एकदा म्हणाला होता, “रफिकभाई, यात सैतानबितान काय न्हाय. हा माणूस एकटा हाय, बस.”

जहुराने सगळ्या कॅसेटी न्हाणीच्या चुलीत जाळल्या. प्लॅस्टिकचा वास दोन दिवस घरात राहिला. फहादला दुआ फुंकून दम केलेलं पाणी पाजलं, गळ्यात तावीज बांधला. गिटार कुणाला देऊन टाकली ते तिने सांगितलं नाही. तीन महिन्यांत मामाने कुवेतचा व्हिसा पाठवला. जाताना फहाद दुकानात आला होता. रफिकने आईला काय सांगितलं हे त्याला कळलेलं होतं. त्याने विचारलं काहीच नाही, फक्त “येतो” म्हणाला. रफिक खाली मान घालून कॅसेटी लावत राहिला.

फहाद दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर यायचा. लग्न झालं, मोडलं. आला की रफिकच्या दुकानावरून जायचा, पण आत यायचा नाही. गेल्या वर्षी तिकडेच झोपेत गेला आणि तिकडेच मातीत गेला. बॅग तेवढी परत आली. बॅगेत त्याचा मोबाइल होता.

रफिकच्या दुकानात आता मोबाइल दुरुस्त होतात. जहुराने भाची तस्नीमला पाठवून त्याला घरी बोलावलं. दुपार कलतानाची, असरची नमाज आटोपून तो गेला. आपा पंचाहत्तरीच्या आसपास, पाय सुजलेले, खाटेवर बसलेली.

“उघडून बघ काय हाय यात. घरातल्या पोरींना हात लावू देत न्हाय मी. तुला कळतं.”

फोन उघडायला वेळ लागला नाही. आत अकरा ध्वनिमुद्रणं होती. रफिकने पहिलं लावलं. खोलीतला पंखा, कुणाचं तरी खोकणं आणि मग गिटार. फहाद गात होता. चाल त्याच दिवसांतली, जड, सावकाश चालणारी. शब्द घरातले, कोकणी: खाडी, ओटी, आईने भाजलेल्या सुकटीचा वास. आवाज पोक्त झाला होता.

जहुरा डोळे न हलवता ऐकत होती. मधेच तिने विचारलं, “हे सुलटं हाय का उलटं?”

“सुलटं हाय, आपा.”

“मग मला कळत का न्हाय?”

गाणं संपलं. रफिकने फोन मांडीवर ठेवला. सव्वीस वर्षांत त्याने हे बोलणं शंभरदा मनात बोलून पाहिलं होतं.

“आपा, तेव्हा मी खोटं बोललो. काहीच ऐकू आलं नव्हतं. ती कॅसेट मीच भरून दिली होती. माझं नाव निघेल म्हणून घाबरलो. फहादच्यात काही नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आताही न्हाय.”

 जहुराने हात पुढे करून त्याचं मनगट थोपटलं.

“माझं मन राखतोस. भला माणूस हायस तू.”

“आपा, अल्लाची शपथ...”

“शपथ नको घेऊ, गुन्हा लागंल. तेव्हा तू खरंच बोललास. न्हायतर मी माझं पोर तिकडं कशाला धाडलं असतं?” तिचा आवाज चढला नव्हता. “तिकडं जाऊन पण सुटला न्हाय बघ तो. आता त्याची कबर हलकी होऊ दे. हे पुस.”

“मी न्हाय पुसणार.”

“बरं. मग कुठं दाबायचं ते दाखव.”

दाखवू नये, फोन खिशात घालून निघून जावं, असं त्याला वाटलं. पण मुलगा तिचा होता, आणि तो तिच्यापासून तोडण्यात त्याचा एकदा हात लागलाच होता. त्याने तिचं वाकडं झालेलं बोट धरून काचेवर ठेवलं. एक पुसलं गेलं. मग तिला जमायला लागलं. दर वेळी ओठांत काहीतरी पुटपुटत ती दाबत राहिली. अकरावं पुसल्यावर तिने फोन त्याच्यापुढे धरला. “बघ, राहिलं न्हाय ना काय?”

आत काही नव्हतं. रफिकने फोन खाटेवर पालथा ठेवला.

तस्नीम चहा घेऊन आली होती. “रफिकमामू, चहा,” ती म्हणाली. रफिक उठला, उंबऱ्याबाहेर येऊन चपला पायात सरकवल्या, आणि अंगणातून रस्त्याला लागला.