अनुमोदक

नांदेडच्या एका शिक्षणसंस्थेत मी ग्रंथपाल होते. तिथल्या विनाअनुदानित कर्मचाऱ्यांसाठी संस्थेने पेन्शनचा वेगळा ट्रस्ट काढला होता. दरमहा पगारातून थोडं कापायचं, तेवढंच संस्थेने घालायचं आणि निवृत्तीच्या वेळी जे जमलं असेल त्यातून विमा कंपनीकडून पेन्शन विकत घ्यायची. किती मिळेल याचं वचन कोणीच देत नव्हतं. त्यामुळे जमलेलं नीट राखणं हेच विश्वस्तांचं काम.

मला विश्वस्त केलं तेव्हा एवढंही कोणी सांगितलं नाही. सत्कार मात्र झाला. शाली कमी पडल्या, म्हणून प्राचार्यांच्या अंगावरची शाल काढून मला घातली आणि फोटो झाल्यावर परत त्यांना दिली.

आमच्याकडे ठरावाला अनुमोदन द्यायची फार हौस. अनुमोदकाचं नाव वार्षिक अहवालात छापून येतं आणि अहवाल पाहुण्यांना दाखवता येतो. त्यामुळे विषय वाचून व्हायच्या आतच हात वर. प्राचार्यांनी एकदा दुखवट्याच्या ठरावालाही ‘आनंदाने अनुमोदन’ दिलं होतं.

त्या उन्हाळ्यात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर निवृत्त होणार होते. हदगावकडचे, सगळे त्यांना मामा म्हणत. एका दुपारी ते वाचनालयात आले, वर्तमानपत्र उघडून बसले आणि त्याच्या आडून म्हणाले,

"बाई, आपला पैसा साहेबांच्या पतसंस्थेत ठिवून राहिले म्हनं?"

"कोण म्हणालं?"

"तिथलाच शिपाई. ब्यांकेपेक्षा जास्त व्याज देनार म्हनं. मह्या मेव्हण्याला बी देनार व्हते. आता मुद्दल मागायला गेला की म्यानेजर चहा पाजून वापस लावतो."

"याच पतसंस्थेत?"

"हाव. चहा चांगला असतो पर."

साहेब म्हणजे आमचे अध्यक्ष. संस्थेचे, ट्रस्टचे आणि त्या पतसंस्थेचेही. मी लेखापालांकडे ट्रस्टच्या नियमांची प्रत मागितली. त्यांनी काळजीने विचारलं, "मॅडम, काही झालंय का?"

ट्रस्टच्या बैठकीत पैसा बँकेतून पतसंस्थेत हलवण्याचा विषय शेवटचा होता, चहाच्या जरा आधी. अध्यक्षांनी तो स्वतःच मांडला.

"पैसा घरात राहतो, व्याज जास्त मिळतं. घरचंच काम आहे. अनुमोदन?"

प्राचार्यांचा हात वर गेलाच होता.

"एक विचारू का, साहेब?" मी म्हटलं. "नियमांत लिहिलंय, ज्याचा स्वतःचा संबंध आहे त्या विश्वस्ताने त्या विषयात भाग घ्यायचा नाही. मग सूचक दुसरं कोणीतरी लागेल."

"मॅडम, ट्रस्ट संस्थेचाच ना?"

"ट्रस्ट संस्थेने काढला, साहेब. पैसा कर्मचाऱ्यांचा. आणि नियम मोडून ठेवला आणि बुडाला, तर ठरावाला हो म्हणणाऱ्या विश्वस्तांनी स्वतःच्या घरून भरून द्यायचा, असंही आहे."

प्राचार्यांचा हात डोक्यापर्यंत गेला, केस सारखे करून खाली आला.

"मी आपलं पंख्याचं सांगत होतो," ते म्हणाले. "जरा जोरात करा."

अध्यक्षांनी एकेकाकडे पाहिलं. उपप्राचार्य म्हणाले, ज्येष्ठांनी आधी बोलावं. ज्येष्ठ म्हणाले, तरुणांना संधी द्यावी. वार्षिक अहवालात नाव यावं असं त्या दिवशी कोणालाच वाटेना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "विषय पुढच्या बैठकीत घेऊ," आणि चहा आला. पुढच्या बैठकीत तो आला नाही. पैसा होता तिथेच, बँकेत राहिला.

मामांच्या निरोप समारंभात अध्यक्षांनी सांगितलं, की कर्मचाऱ्यांच्या पै न् पैची काळजी त्यांनी पोटच्या पोरासारखी वाहिली. टाळ्यांची सुरुवात प्राचार्यांनी केली. मामा नांदेडच्या मे महिन्यात लोकरी शाल पांघरून घाम पुसत बसले होते.

माझी मुदत संपली तेव्हा, मलाच आता विश्रांती हवी आहे असं मला कळवण्यात आलं. सत्कार झाला, या वेळी शाल स्वतंत्र मिळाली. मामा मुद्दाम हदगावहून एसटीने आले होते. त्यांना पेन्शन सुरू झाली होती.

"पुरते का, मामा?"

"थोडीच हाय, बाई," ते म्हणाले. "पर कुणाचा चहा प्यायला जावं न्हाई लागत."